टक्केवारी नेमकी कोणाची?

बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला सत्तरीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता किती? १९९५च्या सुमारास उत्तर मिळे, जवळपास ८५ टक्के. २००३ साली २२ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा होता ६५. मधल्या काळात जनुक बदलले नव्हते, मोजायला घेतलेली माणसे बदलली होती. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली या जनुकाचा ठावठिकाणा सतराव्या गुणसूत्रावर लावला, तो तरुणपणीच कर्करोग होणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या असलेल्या घराण्यांच्या आधारे. जनुक शोधायला अशीच घराणी हवीत. पण सरसकट जोखीम त्यांच्यावरून मोजली, तर दोष असूनही ठणठणीत राहिलेल्या बायका हिशेबातच येत नाहीत. २००३च्या अभ्यासाने घराण्याचा इतिहास न पाहता रुग्ण निवडले आणि त्यांच्या नातेवाइकांची मोजणी केली. म्हणून ८५ खोटा ठरतो का? नाही. २०१७च्या मोठ्या अभ्यासात जवळच्या नात्यात रुग्ण जितके जास्त, तितकी दोष असलेल्या स्त्रीची जोखीम वाढलेली दिसली. ८५ हा त्या घराण्यांचा आकडा होता. चूक झाली ती तो सगळ्यांना लावण्यात.

आकडा असा हलणार असेल तर तपासणी करायचीच कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो, पण टिकत नाही. पाश्चात्त्य देशांत सर्वसाधारण स्त्रीची आयुष्यभराची जोखीम १२ टक्क्यांच्या आसपास असते. ६५ काय नि ८५ काय, दोन्ही तिच्या कितीतरी पट आहेत. लवकर एमआरआय सुरू करायला दशांशापर्यंतची अचूकता लागत नाही. याच दोषामुळे होणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर लवकर निदानाची भरवशाची चाचणीच नाही, त्यामुळे मुले झाल्यावर, साधारण ३५ ते ४० या वयात अंडाशयच काढून टाकण्याचा सल्ला देतात.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आले, आणि भारतात स्तनाच्या कर्करोगाचे मूळ प्रमाणच त्यांच्याहून बरेच कमी आहे. शेकडो बारीक जनुकीय फरकांची बेरीज करून जोखीम सांगणारे गुणांक तर वंश बदलला की आणखी कच्चे पडतात. त्यात आपण घराण्याचा इतिहास सांगतो तो आई-मावशीपुरता. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आत्याचा आजार कागदावर आलाच नाही, तर उत्तम गणितही चुकीच्या पायावर उभे राहते. दोष घातक आहे, याबद्दल इथेही शंका नाही. उसनी आहे ती त्यापुढची टक्केवारी, आणि अहवाल हातात देताना समुपदेशकाने तेवढे स्पष्ट सांगायला हवे.