वाळवंटातल्या पलटणी – भाग ४ : कूटमधला शिधा

मागच्या भागात आपण टेसिफॉनपाशी थांबलो होतो. पहिलं महायुद्ध, नोव्हेंबर १९१५. बगदाद दोन मजलांवर, आणि तिथूनच ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेलेली-जखमी अशा हालतीत मागे फिरली. ३ डिसेंबरला ती कूट-अल्-अमारात येऊन पोचली. ७ तारखेला तुर्कांनी वेढा आवळला. तो १४७ दिवस टिकला.

कूट म्हणजे टायग्रिसच्या वळणात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव. तिन्ही बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला खंदक. आत दहा हजारांच्या आसपास लढणारी माणसं, त्यांच्याबरोबरचे साडेतीन हजार खेचरवाले, पखालवाले, डोलीवाले, आणि गावचे सहा हजार रहिवासी. डिव्हिजनच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. वाळवंटातली लढाई म्हटलं की आपल्याला तहान आठवते. इथे पाणी उशाशी होतं, गढूळ का होईना, तुरटी फिरवून पिता येण्यासारखं. पावसाळ्यात तर खंदकांत गुडघाभर चिखल आणि पुराचं पाणी. माणसं खचली ती शिध्यापायी.

सेनापती टाउनशेंडने सुरुवातीला वरिष्ठांना कळवलं, की गोऱ्या शिपायांना महिनाभर आणि हिंदी शिपायांना सुमारे दोन महिने पुरेल इतकं अन्न आहे. हा हिशेब गावातली घरं न तपासता केलेला होता. जानेवारीच्या अखेरीस झडती घेतली तेव्हा जमिनीत पुरलेलं, भिंतीआड दडवलेलं इतकं धान्य निघालं, की मुदत एकदम वाढली. पण तोवर उशीर झाला होता. ‘लवकर या’ या निरोपावर विसंबून सुटकेची फौज अर्धवट तयारीनिशी शेख साद आणि हन्ना इथल्या तुर्की खंदकांवर जाऊन आदळली होती. एप्रिलअखेरपर्यंत या सुटकेच्या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हणजे आत जितकी अडकली होती त्याहून कितीतरी जास्त. एका कारकुनी चुकीची इतकी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल, आणि ती मोजणारे चूक करणारे नव्हते.

धान्य सापडलं तरी बरंचसं जव होतं, आणि जव दळायचे कसे? गावातली जाती पुरेनात. तेव्हा विमानांतून जात्याच्या तळ्या टाकल्या गेल्या. गेल्या शतकातल्या सगळ्या युद्धसामग्रीत आकाशातून पडलेली जात्याची तळी मला सर्वांत विलक्षण वाटते. एप्रिलच्या मध्यावर पिठाची पोतीही वरून टाकायला लागले. वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद पुरवायचा हा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. विमानं हलकी, भार थोडाच पेलायची. काही पोती नदीत गेली, काही तुर्कांच्या खंदकात. जे हाती लागलं ते चौदा-पंधरा हजार तोंडांना पुरणारं नव्हतंच.

आता या वेढ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट. गोरे आणि हिंदी शिपाई एकाच गावात, एकाच खंदकात, पण आजारी पडत होते वेगवेगळ्या रोगांनी. गोऱ्यांना बेरीबेरी : पाय सुजायचे, चालताना तोल जायचा, छाती धडधडायची. हिंद्यांना स्कर्व्ही : हिरड्या सुजून रक्त यायचं, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. कारण ताटात होतं. गोऱ्यांचा पाव चाळलेल्या पांढऱ्या मैद्याचा, म्हणजे कोंड्याबरोबर ‘ब’ जीवनसत्त्व आधीच गेलेलं. हिंदी शिपायाची पोळी कोंड्यासकट आट्याची, म्हणून तो बेरीबेरीपासून वाचला. उलट गोरे घोड्याचं ताजं मांस खात होते आणि त्यातून थोडं का होईना ‘क’ जीवनसत्त्व मिळत होतं. हिंद्यांना ना मांस, ना भाजी. पांढरा मैदा संपल्यावर गोऱ्यांनाही भरड पीठ मिळू लागलं आणि त्यांची बेरीबेरी ओसरायला लागली. बेरीबेरीचं मूळ कोंडा काढलेल्या तांदळाच्या आहारात आहे, हे डच डॉक्टर आइकमानने जावामध्ये कोंबड्यांवरच्या प्रयोगांतून १८९७ च्या सुमारास दाखवलं होतं. म्हणजे माहिती होती. फौजेच्या कोठारापर्यंत ती पोचली नव्हती.

हिंदी शिपाई घोडा का खात नव्हते, यावर इंग्रजी इतिहासांत बरंच लिहिलेलं आहे, बहुतेक वेळा ‘अंधश्रद्धा’ म्हणून. मराठ्याला बोकडाचं मटण वर्ज्य नव्हतं. पण दसऱ्याला ज्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, तो घोडा रस्स्यात कसा घालायचा? आणि भीती पोटाची नव्हती, गावाची होती. परत गेल्यावर भावकी पंगतीला बसू देईल का, मुलीला स्थळ येईल का. भारतातून हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, ती आली, पलटणींना वाचून दाखवली. तरी मोठा वर्ग हटून राहिला. परवानगी देणारा पंडित काही आपल्या गावचा नव्हता, हा त्यांचा हिशेब मला तरी चुकीचा वाटत नाही. शेवटी टाउनशेंडने बजावलं, की उपाशी राहून अशक्त झालेल्या हवालदार-नाईकांच्या जागी खाणाऱ्यांना नेमलं जाईल. एप्रिलमध्ये बहुतेकांनी घोड्याच्या मांसाला तोंड लावलं. तोवर शरीरं पार खंगली होती. दरम्यान खंदकाकडेला उगवलेलं गवत-पाला खुडून भाजीसारखा शिजवायचे. त्यात विषारी पालाही आला आणि त्यानेही काही माणसं दगावली. शेवटच्या दिवसांत भूक मरावी म्हणून शिपायांना अफूच्या गोळ्या दिल्या जात होत्या.

या हलाखीची दुसरी बाजू कूटच्या बाहेर होती. ही मोहीम चालवत होतं भारत सरकार, सिमल्यात बसून आणि काटकसरीने. टेसिफॉनच्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून, पुढे बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने निजवून बसऱ्याला आणलं, ती हकिकत नंतर चौकशी आयोगासमोर आली. १९१७ साली आयोगाचा अहवाल निघाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. बोटींतून बरेच जखमी मुंबईला येत. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्या काळात लष्करी इस्पितळ होतं. घुमटाखाली मूर्तींच्या आधी खाटा लागल्या होत्या.

२४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही रसदीची बोट वेढा फोडून आत शिरायला निघाली आणि नदीत अडवली गेली. पाच दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, तोफा फोडून कूट शरण गेलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांना नदीच्या वरच्या अंगाला, शुमरानच्या छावणीत नेलं. तिथे खायला मिळाली ती तुर्की फौजेची बिस्किटं : काळपट, दगडासारखी, भुसकट मिसळलेली. महिनोन्‌महिने आक्रसलेल्या पोटांना ती सोसली नाहीत. भिजवून खा म्हणून सांगणारे होते, पण तेवढा धीर कुणाला होता? पहिल्या काही दिवसांतच कित्येक जण पोट बिघडून तिथेच मेले. जे उरले त्यांना चालत रास-अल्-ऐनपर्यंत, बगदाद रेल्वेच्या रुळांवर राबायला जायचं होतं. ती पायपीट पुढच्या आठवड्यात.