टोपीपुढे न वाकणाऱ्यांनी एक खोरं गुडघ्यावर बसवलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? बर्फ, गाई, चॉकलेट आणि हिंदी सिनेमातली गाणी. आणि इतिहास म्हटला तर विल्यम टेल. ती दंतकथा तुम्हाला माहीत असेलच. ऊरी नावाच्या प्रांतात, अल्टडॉर्फ गावात, गेस्लर नावाचा परका अधिकारी खांबावर आपली टोपी टांगतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिला मुजरा करावा असं फर्मान काढतो. टेल वाकत नाही. पुढे ते बाण आणि सफरचंद वगैरे. या गेस्लरचं पद होतं ‘फोग्ट’. म्हणजे वरून नेमलेला कारभारी आणि न्यायाधीश, दोन्ही एकाच माणसात.

आता मजा बघा. याच ऊरीने पुढे शेकडो वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यावर स्वतःचे फोग्ट बसवले! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं.

फोनवर नकाशा उघडा आणि ‘फाइदो’ शोधा. गोटहार्ड घाटाच्या दक्षिणेला एक लांबट, अरुंद खोरं दिसेल. ते लेव्हेंतिना. घाटाच्या उत्तरेला ऊरी, तिथे जर्मन बोलतात. इकडे लेव्हेंतिनात इटालियन. हे खोरं आधी मिलानच्या कॅथीड्रलच्या धर्माधिकाऱ्यांच्या ताब्यात होतं. त्याची खूण आजही आहे: इथल्या चर्चमध्ये मिलानची वेगळी उपासनापद्धती चालते.

गोटहार्डचा रस्ता म्हणजे व्यापार, आणि व्यापार म्हणजे जकात. त्यामुळे १५ व्या शतकात ऊरीने हे खोरं मिळवण्यासाठी धडपड केली. २८ डिसेंबर १४७८ ला जोर्निकोला मिलानच्या सैन्याचा पराभव झाला. गंमत म्हणजे त्या दिवशी ऊरीच्या बाजूने लढणाऱ्यांत बहुतेक जण याच खोऱ्यातले होते. १४८० मध्ये मिलानने हक्क सोडला आणि लेव्हेंतिना कायमचं ऊरीचं झालं. लढले सोबती म्हणून, पण राहिले प्रजा म्हणून.

फोग्ट फाइदोत बसायचा. तसं खोऱ्याला स्वतःची सभा होती, स्वतःचे कायदे होते. रोजचं बरंच काही गावकरीच ठरवायचे. पण शेवटचा शब्द घाटापलीकडचा.

मग आलं १७५५. वाद कशावरून पेटला असेल? करावरून नाही, धर्मावरून नाही. विधवा आणि अनाथ मुलांच्या मालमत्तेवरून! ती मालमत्ता सांभाळणाऱ्या पालकांनी हिशेब दाखवावेत, असं ऊरीने सांगितलं. आता खरं सांगायचं तर मागणी चुकीची नव्हती. अनाथाच्या पैशाचा हिशेब नको, असं कोण म्हणेल? पण खोऱ्यातल्या लोकांना त्यात आपल्या जुन्या हक्कांवर घाला दिसला. आज वह्या मागतायत, उद्या काय मागतील? बोलाचाली वाढत गेली आणि प्रकरण उघड बंडापर्यंत पोचलं.

ऊरीने सैन्य पाठवलं. २ जून १७५५ ला फाइदोत खोऱ्यातल्या पुरुषांना एकत्र आणलं. टोप्या काढायला लावल्या, गुडघ्यावर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तीन पुढाऱ्यांची मुंडकी उडवली. जोव्हानी अंतोनियो फोर्नी, लाझारो ओर्सी आणि जुझेप्पे सार्तोरी. खोऱ्याचे जुने हक्कही गेले.

उघडी डोकी, टेकलेले गुडघे. टोपीच्या गोष्टीवर वाढलेल्या प्रांताला त्या दिवशी स्वतःची गोष्ट आठवली नसेल का? मला वाटतं, आठवली असती तरी फरक पडला नसता. स्वातंत्र्य आपल्यासाठी मागणं सोपं असतं. आपल्या हाताखालच्याला ते देताना मात्र आपणच गेस्लर होतो, आणि ते कळतही नाही. वरून कारणही चांगलंच असतं: ‘आम्ही तर विधवांच्या भल्यासाठी करतोय!’

फोग्टांचा काळ संपला तो १७९८ मध्ये, फ्रेंच सैन्य आल्यावर. १८०३ मध्ये लेव्हेंतिना नव्या तिचिनो प्रांतात गेलं. नेपोलियन पडताच ऊरीने खोरं परत मागितलं, पण १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ते तिचिनोकडेच राहिलं. ऊरीला काय मिळालं? लेव्हेंतिनाच्या जकातीतला अर्धा वाटा! म्हणजे शेवटी गोष्ट जकातीपाशीच आली.

२०१६ पासून झुरिककडून येणाऱ्या गाड्या ५७ किलोमीटरच्या नव्या बोगद्यातून धावतात. बराच वेळ त्या लेव्हेंतिनाच्या डोंगरांखालूनच जातात. प्रवासी फोनमध्ये, बाहेर अंधार, आणि फाइदो वर कुठेतरी राहून जातं. तुम्ही कधी गेलातच, तर जमल्यास वरच्या जुन्या रेल्वेमार्गाने जा. फाइदोला उतरा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, वाचतही राहा!