बटव्याचं नवं माप

जरदोजीत पहिला टाका पडण्याआधीच निम्मं काम उरकलेलं असतं. भोपाळच्या नेहरू नगरातल्या एका घरी मोबाइलचा बटवा होताना पाहिला, तेव्हा तो करणाऱ्या आपांनी आधी फोनच कागदावर ठेवून कड आखली. फोन साडेसात सेंटीमीटर रुंद. पण त्याची जाडी, थोडी ढील आणि दोन्हीकडची शिलाई धरून कापड लागलं अकरा सेंटीमीटर. मग अड्ड्यावर, म्हणजे चौकटीवर, ताणलेल्या मखमलीवर भोकं पाडलेला नक्षीचा खाका ठेवला आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या खडूच्या भुकटीचा बोळा फिरवला. कागद उचलला, तर जांभळ्या मखमलीवर पांढऱ्या ठिपक्यांची वेल.

टिकल्या आरीनं बसतात. अड्ड्याखाली डाव्या हातात दोरा. वरून आत गेलेली आरी टोकाच्या आकड्यात तो पकडून वर येते. दबक्याला मात्र साधी सुईच हवी. दबका म्हणजे तारेची बारीक, पोकळ स्प्रिंग. कात्रीनं तिचे तुकडे करायचे आणि एकेक सुईत ओवायचा. तुकडा टाक्याहून जरा लांब झाला की फुगतो, आखूड झाला की दोरा दिसतो. आपा मोजमाप करत नाहीत. एक तुकडा फुगला, तो लगेच उसवला आणि दुसरा कातरला.

कडेला बोटभर जागा कोरीच ठेवली होती. “इथं दबका आला तर मशीनची सुई मोडेल,” आपा म्हणाल्या. आत साटीनचं अस्तर. तारेचं टोक मागे निघालं तरी काचेवर ओरखडा नको.

भोपाळला बटवा नवा नाही. 1819 ते 1926 या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, इथं बेगमांचं राज्य होतं. तेव्हापासून जरीचे, मण्यांचे बटवे ही या शहराची ओळख. सुपारी, वेलची किंवा पैशांच्या बटव्याला मापाची सक्ती नव्हती. ती फोननं आणली. 2003 साली आलेला नोकिया 1100 पाच सेंटीमीटरही रुंद नव्हता. त्याच्या मापाच्या बटव्यात आजचा फोन शिरत नाही. त्यामुळे नुसत्या मापावरून बटव्याचा काळ साधारण ओळखता येतो.

अशा रोजच्या वापरातल्या वस्तूची जागा संग्रहालयातही आहे. जवळच श्यामला हिल्सवर राष्ट्रीय मानव संग्रहालयात माणसांची राहती घरंच मांडली आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या आणि 1975 साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. घरोघरी सुपारी कातरली जात होती, तेव्हाच त्यांनी अडकित्ते गोळा करायला घेतले होते.

मोबाइलच्या बटव्याची ती वेळ आज आहे. नोंदीच्या कार्डावर ‘मखमली बटवा, भोपाळ’ एवढ्यानं भागणार नाही. कोणत्या फोनच्या मापाचा, दबका धातूचा की प्लॅस्टिकचा, मणी शिवलेले की चिकटवलेले, खाका कोणाचा, हे सगळं हवं. कोऱ्या बटव्याशेजारी वापरलेलाही हवा: तोंडाशी अंगठ्यानं लव गेलेला, नाडीपाशी विरलेला.

आणि कारागिराचं नाव आणि मजुरी आधी लिहावी. माप, धातू, टाका हे वस्तूच पुढे सांगत राहील. शंभर वर्षांपूर्वीच्या अडकित्त्याची धार आजही तपासता येते. तो घडवणाऱ्या लोहाराच्या हाती किती पैसे पडले, हे आता कोणाला विचारणार?