बर्फात जाताय? मग काही अंगावर काढू नका!

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की खोताच्या वाडीतल्या माझ्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो : "डॉक्टर, मनालीला निघालोय. बरोबर काय काय औषधे ठेवू?" पारा १८ अंशांवर आला की आम्ही गिरगावकर कपाटातून माकडटोपी बाहेर काढतो. मुंबईत नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधले. अशा माणसांना बर्फात खेळायची हौस असणारच. जरूर जावे, पण चार गोष्टी समजून घेऊन.

माझ्या एका जुन्या रुग्णाची हकिकत सांगतो. वय ६१, रक्तदाबाचा त्रास. मुला-नातवंडांसह रोहतांगला गेले. बसमध्ये सारखे लघवीला जावे लागेल म्हणून रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी त्यांनी परस्पर बंद केली. वर पोचताच नातवाला घसरगाडीवर बसवून ओढू लागले आणि छातीत दडपण आले. "गॅस असेल" असे म्हणून गप्प राहिले. सहलीचे पैसे भरलेले, सगळ्यांचा विरस कशाला? चार दिवसांनी घरी परतल्यावर माझ्याकडे आले. कार्डिओग्राम पाहून मी त्यांना तडक रुग्णालयात धाडले. जीव वाचला, पण हृदय दुबळे झाले ते झालेच.

असे का व्हावे? मनाली सुमारे पावणेसात हजार फुटांवर, तर रोहतांग १३ हजार फुटांवर. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम ६० टक्के. शिवाय थंडीने रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब वाढतो. त्यात घसरगाडी ओढायची म्हणजे हृदयावर तिहेरी भार. गुलमर्गचा पाळणा दुसऱ्या टप्प्यात साधारण याच उंचीवर नेतो. म्हणून वर गेल्यावर पहिला अर्धा तास नुसते बसा, बर्फ डोळे भरून पाहा. नेहमीची गोळी चुकवू नका, पाणी तोडू नका.

विमानाने थेट लेहला, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही उंची न मानवल्याची खूण. ती असताना आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस बरळू लागला तर "सकाळी बघू" म्हणू नका, त्याच रात्री खाली आणा. उंचीच्या त्रासावर गोळी मिळते; पण ती सर्वांना चालत नाही, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कपड्यांबाबत एकच सूत्र : कोरडे राहा. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि थंडगार होते. एका जाड कोटापेक्षा तीन थर बरे : आत थर्मल, मध्ये लोकर, वर पाणी न शिरणारे जाकीट. भाड्याच्या गमबुटात आपले लोकरी मोजे घाला, एक कोरडा जोड पिशवीत ठेवा. बोटे पांढरी, बधिर झाली तर चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका. खोलीवर येऊन कोमट पाण्यात बुडवा. मधुमेहींना पायांची संवेदना कमी असते. त्यांनी रोज रात्री तळवे तपासावेत, पायांशी गरम पाण्याची पिशवी घेऊ नये. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते आतल्या खिशात ठेवावे.

एक चूक मी स्वतः केली आहे. ढगाळ हवा पाहून काळा चष्मा खोलीवरच ठेवला. ताजा बर्फ सूर्याचे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग झाली, दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत काढला. बायको मात्र चष्मा लावून मजेत फिरत होती!

दोन गोष्टी निक्षून सांगतो. ब्रँडीने ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.

रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल त्यांनी सहलीचे पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. आणि वर गेल्यावर काही दुखले-खुपले तर आधी बरोबरच्यांना सांगावे. सहल बिघडेल म्हणून गप्प बसू नये.

ते गृहस्थ आता बरे आहेत. वाडीतले कोणी बर्फात निघाले की तेच त्याला आधी माझ्याकडे धाडतात.