मत्स्यपालनाचा सल्ला कसा पारखावा?

कांचेच्या टाकींत रंगीत मासे पाळण्याचा छंद आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं शिरला आहे. छंद निरुपद्रवी खरा. परंतु त्यापायीं मासे फार मरतात, व तेही बहुधा हयगयीनें नव्हे, तर ऐकीव सल्ला निमूटपणें पाळल्यामुळें.

सल्ला पारखावयाचा तर टाकींत काय घडतें तें आधीं कळलें पाहिजे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, व तो सांचला म्हणजे त्याच्याच जिवावर उठतो. गाळणीवर व वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतु या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानें सौम्य असून अधूनमधून थोडें पाणी बदलल्यानें कमी होतें. नव्या टाकींत हे जंतु पुरेसे वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात.

इतकें ध्यानांत आलें कीं, "आज टाकी भरा, उद्यां वीस मासे सोडा" असें सांगणाराची पारख आपोआप होते. विशेषतः तोच मासे विकावयास बसला असेल तर! "दर आठवड्यास गाळणी नळाखालीं स्वच्छ धुवा" हा सल्ला स्वच्छतेच्या नांवाखालीं सहज पटतो. परंतु नळाच्या पाण्यांत क्लोरीन घालतात तो जंतु मारण्याकरितांच, व त्यास उपकारक जंतु कोणते हें कळत नाहीं. गाळणी टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत खळबळावी.

कांहीं सल्ले एका गांवीं खरे व दुसऱ्या गांवीं खोटे असतात. नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवल्यास क्लोरीन उडून जातो, हें खरें. पण अमेरिकेंतील कित्येक शहरांत क्लोरीनऐवजीं क्लोरामाइन घालतात. तें असें उडून जात नाहीं. तेव्हां सांगणारा कोठला, व त्याच्याकडील पाणी कसलें, हें विचारलें पाहिजे.

"गॅलनास एक इंच मासा" हा नियम तर छापील पुस्तकांतूनही आढळतो. त्याची परीक्षा गणितानें करावी. आकार तोच राहून लांबी दसपट झाली म्हणजे वजन हजारपट होतें. नियमाप्रमाणें एकेक इंचाचे दहा मासे व दहा इंचांचा एक मासा सारखेच. वजनांत मात्र दुसरा पहिल्या दहांच्या शंभरपट! इवल्याशा माशांपुरता नियम चालेल, सोनमाशास लावूं नये. (सोनमासा वाडग्यांत ठेवण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं. इंग्लंडांतील एक सोनमासा ४३ वर्षें जगून १९९९ सालीं मेला. आपण वाडग्यांतला सहा महिने टिकला तरी कौतुक करतों.)

"आमचे मासे तर जगले" असें कोणी म्हणेल. किती दिवस, व मेलेले किती, हें त्यास विचारावें. जाणता मनुष्य सल्ला देण्यापूर्वीं टाकी केवढी, मासे कोणते, पाणी कधीं बदललें, असे प्रश्न स्वतःच करतो.

तरीही दोन जाणत्यांचें एकमत न झालें, तर पाण्यासच विचारावें. अमोनिया मोजण्याचें औषध दुकानांत मिळतें. नळींत थोडें पाणी घेऊन त्यांत सांगितले तितके थेंब टाकावे व रंग तक्त्याशीं ताडून पाहावा. अमोनिया दिसल्यास त्याच दिवशीं निदान चौथा हिस्सा पाणी काढून क्लोरीन घालविलेलें नवें पाणी भरावें, व अमोनिया दिसेनासा होईपर्यंत नवा मासा आणूं नये.