शिबिरजीवन आणि मुले



परीक्षा आटोपून सुटीचे दिवस जवळ आले, की शहरातील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. मुलास किंवा मुलीस शिबिराला पाठवावे की नाही? आईला वाटते, तेथे जेवणाची आबाळ होईल. वडील विचारतात, तेथे शिकवतात तरी काय? बुलढाणा जिल्ह्यात मी अडतीस वर्षे मास्तरकी केली. ह्या काळात स्काउटचे पथक चालवले, मुलांना घेऊन अनेक शिबिरांस गेलो, आणि महाविद्यालयातील मुलांची शिबिरे आमच्या गावी उतरली, तेव्हा त्यांच्यासाठी शाळेच्या खोल्याही उघडून दिल्या. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले, त्याच्या आधाराने ह्या प्रश्नाचा थोडा विचार आज आपणांसमोर मांडावा, असे मनात आहे.

शिबिर म्हणजे मूळ अर्थाने सैन्याचा तळ. मुलांच्या शिबिराची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचा उगम पुष्कळ अंशी एका लहानशा प्रयोगात आहे. इ. स. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात बेडन-पॉवेल ह्या निवृत्तीला आलेल्या सेनानीने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी नावाच्या बेटावर सुमारे वीस मुले आठवडाभर तंबूंत ठेवली. त्यांतील काही मुले श्रीमंतांच्या शाळांतली होती, तर काही साध्या कष्टकरी कुटुंबांतली. त्या काळच्या इंग्लंडात अशी मुले एका पंक्तीस बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती. बेडन-पॉवेलने त्या मुलांचे चार लहान संघ पाडले आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांतूनच निवडला. आपल्याकडे निरनिराळ्या नावांनी चाललेल्या स्काउट संस्था १९५० साली ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ह्या एका नावाखाली आल्या. त्यांच्या पथकांतही ही लहान संघाची रचना आजतागायत टिकून आहे, आणि शिबिराचे सारे मर्म माझ्या मते ह्या लहानपणातच आहे.

ते कसे, हे थोडे उलगडून सांगतो. वर्गात पन्नास मुले असतात. एकाने गृहपाठ केला नाही, तर नुकसान त्याचे एकट्याचे. बाकीच्या एकोणपन्नास जणांचे काहीच अडत नाही. शिबिरातील संघात सहा-सात मुले असतात. पाणी आणावयाचे ज्याच्याकडे आहे, तो झाडाखाली बसून राहिला, तर पीठ मळले जात नाही आणि सातही जण उपाशी राहतात. घरी ज्याचे ताट आयते वाढले जाते, त्या मुलास येथे आयुष्यात प्रथमच कळते, की आपल्यावाचून कोणाचे तरी अडते. आणि ज्या ठिकाणी आपल्यावाचून अडते, ते ठिकाण मनुष्यास आपले वाटू लागते. आपलेपणा हा व्याख्यानाने उत्पन्न होत नाही. तो घागर उचलताना, भाजी चिरताना आणि करपलेली भाकरी वाटून खाताना नकळत अंगी मुरतो.

परंतु ही गोष्ट आपोआप घडून येते, असे मात्र समजू नये. ती मला माझ्याच एका चुकीने शिकवली. ती चूक सांगितल्यावाचून आजचे भाषण अपुरे राहील.

आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोक मानतात. वर अजिंठ्याच्या डोंगरांवर बुलढाणा, चिखली, मेहकर. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव. आणि त्याही पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर. एका हिवाळ्यात घाटावर पाच दिवसांचे शिबिर भरले होते आणि दोन-तीन शाळांची मुले एकत्र आली होती. माझ्या तुकडीत सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातला बारा वर्षांचा मुलगा होता. त्याच्या घरची भाषा निहाली. ही भाषा बोलणारी माणसे साऱ्या जगात दोन-अडीच हजारांच्या आसपास, आणि तिचे नाते इतर कोणत्याही भाषाकुळाशी जोडणे भाषापंडितांस अजून निश्चितपणे साधलेले नाही. वर्गात हा मुलगा गप्प बसे. त्याचे मराठी ऐकून इतर मुले हसत, म्हणून त्याने बोलणेच कमी केले होते.

पहिल्या दिवशी दवाने लाकडे ओलसर झालेली. संघासंघांच्या चुली नुसत्या धुमसत होत्या. मुलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ह्या मुलाने मात्र एकाच काडीत चूल पेटवली. मला आनंद झाला. मी सर्वांदेखत त्याची पाठ थोपटली आणि म्हणालो, “सरपणाचे काम आता ह्याच्याकडेच.” त्याच्या गुणाचे चीज केले, असे मला वाटले. तीन दिवस तो लाकडे गोळा करीत होता, फोडीत होता आणि चुली पेटवीत होता. मुलांनी त्याचे नाव ‘लाकूडतोड्या’ असे ठेवले. मी तेही ऐकले आणि थट्टा म्हणून सोडून दिले.

तिसऱ्या रात्री शेकोटीभोवती गाणी चालली होती. मोजणी केली, तो एक मूल कमी. कंदील घेऊन शोधावयास निघालो. स्वयंपाकाच्या जागेमागे, मोळीजवळ, तो अंधारात एकटा बसला होता. शेकोटी त्यानेच पेटवलेली, पण तिच्यापाशी तो नव्हता. मला पाहून तो उठला आणि म्हणाला, “गुरुजी, सकाळपर्यंत लाकडं पुरतील.” दुसरा एक शब्दही तो बोलला नाही. मी लाकडांचीच चौकशी करावयास आलो आहे, असे त्यास वाटले!

त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्यास काम दिले होते. स्थान दिले नव्हते. जे काम त्याच्याकडून अपेक्षितच होते, त्याच कामात मी त्यास डांबून ठेवले आणि इतर मुलांस त्याच्याकडे मजुराच्या नजरेने पाहावयास शिकवले. मग कंदिलाच्या उजेडात कामांचा नवा तक्ता केला. पाणी, सरपण, स्वयंपाक, झाडलोट आणि कोठी ही कामे सर्वांकडे पाळीपाळीने येतील, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी कोठीची पाळी त्याच्याकडे आली. पीठ, डाळ, तेल मोजून द्यावयाचे आणि वहीत टिपून ठेवावयाचे. दुपारीच येऊन त्याने मला सांगितले, की तेल ह्या हिशेबाने उद्यापर्यंत पुरणार नाही. मी वही तपासली. त्याचे बरोबर होते. त्यास चिडवणाऱ्या मुलांस आता मिठासाठी त्याच्याकडे जावे लागे. उलट, सरपणाची पाळी ज्याच्यावर आली, त्या गावातल्या मुलास चूल काही केल्या पेटेना. शेवटी तो त्याच्याकडेच गेला. ह्याने त्यास आधी बारीक काटक्या कशा रचाव्यात आणि हवेला वाट कशी ठेवावी, हे दाखवले. शेवटच्या रात्री मुले त्यास विचारीत होती, की पाण्याला, पातेल्याला, ताऱ्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?

त्यानंतर तो मुलगा फार बोलका झाला, असे मी म्हणणार नाही. परंतु परत निघताना एस. टी.च्या गाडीत त्याच्या संघातील मुलांनी रुमाल टाकून त्याच्यासाठी जागा धरली होती. मास्तरकीच्या अडतीस वर्षांत माझ्या वाट्यास जे समाधान आले, त्यात त्या रुमालाचे स्थान फार वरचे आहे.

आता ह्याची दुसरी बाजू पाहू. लहान संघ मुलास आपलेपणा देतो हे खरे. पण ‘आपले’ म्हटले की ‘परके’ही उत्पन्न होतात. मूळचे तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ ह्यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या रानात, अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे एक शिबिर भरवून ही गोष्ट पाहिली. मुलांचे दोन गट केले. काही दिवस ते वेगवेगळे राहिले, आणि मग बक्षिसे लावून त्यांच्यात सामने ठेवले. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, एकमेकांचे झेंडे जाळले गेले आणि झोपायच्या जागांवर धाडी पडल्या. दोन्ही गट एकत्र जेवावयास बसवले, तर अन्नाचीच फेकाफेक झाली. मग योजना बदलली. पिण्याच्या पाण्याची सोय बंद पडली आहे, जेवण आणणारी मालमोटार चालत नाही, अशा अडचणी उभ्या केल्या, की ज्या एका गटाने सुटू नयेत. मुले एकत्र राबली. रस्सीखेचीचा जो दोर, त्यानेच सर्वांनी मिळून मोटार ओढली. परतताना बहुतेकांनी एकाच गाडीतून जाणे पसंत केले. ह्या प्रयोगात मोठ्या माणसांनी मुलांस मुद्दाम भडकवले, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो योग्यच आहे. मुलांस अंधारात ठेवून असे प्रयोग आज कोणी करू नयेत. तथापि त्यातला बोध घेण्याजोगा आहे. ज्या शिबिरात सकाळपासून रात्रीपर्यंत चढाओढी आणि बक्षिसेच असतात, तेथे मुले जिंकावयास शिकतात, पण एकमेकांची होत नाहीत. चार संघांनी मिळूनच पार पडेल, असे एक तरी मोठे काम शिबिरात असावे.

असे काम बहुधा तंबूच्या बाहेर, ज्या गावी शिबिर उतरले त्या गावातच सापडते. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाविद्यालयातील मुलामुलींनी काही दिवस खेड्यात राहून काम करावे, हा तिच्या शिबिरांचा हेतू. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, त्यानंतर १९७३ साली ह्या योजनेची शिबिरे दुष्काळाविरुद्ध युवकांनी उभे राहावे, ह्या विषयावर झाली. आजही आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालयांची सात दिवसांची शिबिरे गावोगाव उतरतात.

अशी शिबिरे यजमान ह्या नात्याने मी पुष्कळ पाहिली. त्यांतील एकाने भिंतींवर वचने रंगवली, गावकऱ्यांना स्वच्छतेवर भाषणे ऐकवली आणि सामान बांधून ते निघून गेले. गावात त्याची आठवण राहिली नाही. दुसरे एक शिबिर दिवाळीनंतर आले. ओढ्याला थोडे पाणी वाहते होते. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालावयाचा ठरला. मुलांनी उत्साहाने पोत्यांवर पोती रचली. संध्याकाळपर्यंत फटींतून पाणी वाहून गेले. एक वृद्ध शेतकरी काठावर उभा राहून हे पाहत होता. दुसऱ्या दिवशी तो पाण्यात उतरला आणि विटांच्या भिंतीप्रमाणे सांधे चुकवून पोती कशी लावावीत, मध्ये चिकण मातीचा थर कसा द्यावा, हे त्याने दाखवले. पदवीच्या वर्गातील मुले निरक्षर माणसाच्या हाताखाली तीन दिवस राबली. पाणी अडले. गावातील बायका संध्याकाळी भाकरी घेऊन आल्या. पुढच्या वर्षी त्यांतील काही मुले, कोणी न बोलावता, बंधारा पाहावयास आली होती.

ह्याच विचाराचे मोठे रूप पाहावयाचे असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे ह्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीकडे पाहावे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या ज्या माणसांस समाजाने घराबाहेर काढले, त्यांनी आपल्या हातांनी फुलवलेल्या भूमीवर उन्हाळ्यात शेकडो तरुण येऊन राहिले, आणि पहाटे कुदळ-फावडे घेऊन त्यांनी श्रमदान केले. तेथे दया करावयास गेलेला तरुण पाहुणा होऊन राहतो, आणि कोणी कोणास आपले म्हणावयाचे, हा प्रश्नच उलटा होतो.

आता पालकांचा मूळ प्रश्न. मुलास पाठवावे की नाही? अवश्य पाठवावे, पण चौकशी करून. वसतीची, औषधपाण्याची आणि मुलींसाठी बाईंची सोय आहे की नाही, हे तर विचारावेच. त्यापुढे जाऊन आणखी विचारावे, की एका संघात मुले किती असतात? स्वयंपाकात, झाडलोटीत मुलांचा हात असतो, की सारे आचारी आणि नोकर करतात? कामे पाळीने फिरतात काय? आपल्या घरासारख्या नसलेल्या घरांतील मुले तेथे येतात काय? जेथे पुष्कळ पैसे भरून एकाच थरातील मुले एकत्र जमतात आणि घोड्यावर बसून, पोहून परत येतात, तेथे करमणूक पुष्कळ होत असेल. परंतु शिबिराचा खरा लाभ थोडाच पदरी पडतो.

पहिल्या दोन रात्री मूल घराच्या आठवणीने रडेल. ते रडू लागताच त्यास परत आणण्याची घाई करू नये. मूल आजारी किंवा भ्यालेले असेल, तर गोष्ट निराळी. नाहीतर तिसऱ्या दिवशी बहुधा त्यास कोणीतरी हाक मारतो, आणि घरचा विसर पडतो. मात्र ती हाक प्रत्येकास ऐकू येते की नाही, हे पाहणे चालकाचे काम आहे. शेकोटीभोवतीची मुले मोजून एक कमी भरले, तर गाणे थांबवून त्यास शोधावयास गेले पाहिजे.

आणि मूल घरी परत आले, की एक गोष्ट आपण करावी. चार दिवस ते स्वतःचे ताट उचलील, अंथरूण घडी करील. कौतुक करून त्याच्या हातातून ताट घेऊ नये. घरातले एखादे खरे काम, ज्यावाचून घराचे अडेल असे, त्याच्याकडे कायमचे सोपवावे. पाच दिवसांत जे रुजले, ते घरच्या पाण्यावरच वाढावयाचे आहे.