साठीची यात्रा कावेरीकाठी

माणसाच्या आयुष्यात साठाव्या वर्षाला आपल्याकडे विशेष स्थान आहे. साठ संवत्सरांचे चक्र पूर्ण होते आणि जन्मवर्षी जे संवत्सर होते, त्याच नावाचे संवत्सर पुन्हा येते. महाराष्ट्रात या निमित्ताने घरोघरी साठीशांत केली जाते. पुढे ऐंशीच्या उंबरठ्यावर सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो. तामिळनाडूत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तर या सोहळ्यांसाठीच ओळखले जाणारे एक गाव आहे. मयिलाडुदुरैपासून सुमारे वीस किलोमीटरवरील तिरुक्कडैयूर हे ते गाव. येथील अमृतघटेश्वराच्या मंदिराशी मार्कंडेयाची कथा निगडित आहे. मृत्यूला परतवून लावणाऱ्या शिवाच्या साक्षीने साठी वा ऐंशी गाठलेली जोडपी येथे कलशाभिषेक करवून घेतात, पुन्हा एकदा एकमेकांच्या गळ्यात हार घालतात आणि मुले-नातवंडे त्यांच्या पाया पडतात.

आई-वडिलांना अशा यात्रेला न्यावे, ही इच्छा अनेक कुटुंबांत असते. अडते ते खर्चापाशी. त्यातच ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत (पुरुषांना ४० टक्के व ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के) मार्च २०२० मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे हा भार आता कुटुंबालाच नियोजनाने पेलावा लागतो. या नियोजनात डेबिट व क्रेडिट कार्डांवर जमा होणाऱ्या रिवॉर्ड पॉइंटचा उपयोग कितपत होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छत्रांची परंपरा

मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तो १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात कोरला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र भोसल्यांची छत्रे अधिक महत्त्वाची. रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंना विनामूल्य निवारा व अन्न मिळावे, म्हणून या राजांनी ठिकठिकाणी छत्रे उभारली. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळ यांच्या नावे बांधलेले छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात राजांनी या छत्रांच्या कारभाराचे वर्णन केले आहे. जातीचा भेद न करता शिजवलेले अन्न दिले जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास त्याला बोलावले जाई. आजारी यात्रेकरूंसाठी वैद्य असत. हा खर्च भागावा म्हणून सुपीक गावांचे उत्पन्न आधीच तोडून दिलेले असे. भाताचे पीक हाती येताच त्यातला वाटा यात्रेकरूंसाठी बाजूला निघत असे.

आजच्या कुटुंबाच्या अंदाजपत्रकालाही हेच सूत्र लागू पडते. यात्रेसाठी उत्पन्नाचा एक वाटा आधीच वेगळा काढलेला असावा.

हिशेब काय सांगतो?

एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबातील चौघांची आठवड्याभराची यात्रा दोन वर्षांनी करावयाची आहे आणि त्यासाठी साठ हजार रुपयांचा अंदाज बांधला आहे. दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव २४ महिन्यांसाठी सुरू केली आणि व्याजदर सोयीसाठी साडेसहा टक्के धरला, तर मुदतीअखेर सुमारे ५१ हजार रुपये हाती येतील.

आता कार्डाकडे वळू. किराणा, वीज, औषधे असा महिन्याचा २०,००० रुपयांचा खर्च कार्डाने केला, दर १०० रुपयांमागे २ पॉइंट मिळाले आणि एका पॉइंटचे मूल्य २५ पैसे असले, तर दोन वर्षांत ९,६०० पॉइंट, म्हणजे २,४०० रुपये जमतात. फार तर एका व्यक्तीचे एका बाजूचे वातानुकूलित डब्याचे भाडे त्यातून निघेल. रेल्वे किंवा विमान कंपनीशी संलग्न कार्डावर प्रवासाच्या तिकिटांसाठी याहून अधिक पॉइंट मिळू शकतात. काही कार्डांवर वार्षिक खर्चाचा ठराविक टप्पा ओलांडल्यास जादा पॉइंट मिळतात. विम्याचा हप्ता, शाळेचे शुल्क अशी मोठी देणी त्याच वर्षात कार्डाने भरल्यास तो टप्पा गाठता येतो. तरीही पॉइंट हा यात्रेच्या खर्चाला लागणारा हातभार आहे. मुख्य आधार बचतीचाच.

याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. वरील कुटुंबाने एका महिन्याचे २०,००० रुपयांचे बिल थकवले आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर एका महिन्यात ७०० रुपये व्याज आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कराचे १२६ रुपये, असे ८२६ रुपये जातात. दोन वर्षांत साठवलेल्या पॉइंटचा तिसरा हिस्सा एका चुकलेल्या तारखेपायी संपतो! शिवाय बाकी थकलेली असताना नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही मिळत नाही. म्हणून बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल, अशी सूचना शाखेत देऊन ठेवावी आणि केवळ पॉइंटच्या मोहाने अनावश्यक खरेदी करू नये.

काही पथ्ये

१. पॉइंटची मुदत पाहावी. बहुधा दोन-तीन वर्षांनंतर ते रद्द होतात. यात्रेचा महिना आणि ही मुदत यांचा मेळ आधीच घालावा.

२. इंधन, घरभाडे, वॉलेटमधील भरणा अशा काही खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत. नियमपत्रक एकदा शांतपणे वाचावे.

३. वस्तू, भेटकार्ड आणि प्रवास यांसाठी एकाच पॉइंटचे मूल्य वेगवेगळे असू शकते. वापरण्यापूर्वी तुलना करावी. वापराबद्दल शुल्क आकारले जाते का, तेही पाहावे.

४. "आपले पॉइंट आज रद्द होत आहेत, खालील दुव्यावर जा" अशा संदेशांना बळी पडू नये. असा दुवा उघडल्याने किंवा मोबाइलवर अनोळखी ॲप घेतल्याने अनेकांची खाती रिकामी झाली आहेत. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे.

प्रवासाचा कार्यक्रम

मुंबई-पुण्याहून चेन्नई आणि तेथून रात्रीच्या गाडीने तंजावर, हा काटकसरीचा मार्ग. विमानाने जावयाचे असल्यास तिरुचिरापल्ली जवळचे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. त्या दिवशी आवर्ती ठेवीची रक्कम व पॉइंट दोन्ही हाताशी असावेत. ज्येष्ठांसाठी खालच्या शायिकेचा पर्याय निवडण्यास विसरू नये.

तंजावरला दोन दिवस, तेथून जवळच असलेल्या तिरुवैयारू येथे संत त्यागराजांची समाधी, मग कुंभकोणमला मुक्काम करून दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर, आणि अखेरीस तिरुक्कडैयूर. तेथून थोड्याच अंतरावर तरंगंबाडीला डॅनिश लोकांनी १६२० मध्ये बांधलेला किल्ला समुद्रकाठी उभा आहे. बैठी, सावकाश यात्रा ज्येष्ठांना मानवते. म्हणून रोज नवे गाव धरू नये. तिरुक्कडैयूर येथील विधींचा खर्च होम, भोजन आणि पाहुण्यांच्या संख्येनुसार बदलतो. काय काय समाविष्ट आहे, याची लेखी यादी आधी मागून घ्यावी.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील ईशान्य मोसमी पावसाचा काळ. वादळांचाही धोका असतो. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुखद असते आणि शेतांत सांबा हंगामाच्या भाताची कापणी चाललेली दिसते. कुंभकोणमचा महामहम उत्सव बारा वर्षांनी येतो. २०१६ नंतरचा उत्सव २०२८ मध्ये आहे. ज्यांना ते पर्व साधावयाचे आहे, त्यांनी आवर्ती ठेव लवकर सुरू करावी; ज्यांना गर्दी सोसत नाही, त्यांनी तो काळ टाळावा.

आपल्या घरी येत्या दोन-तीन वर्षांत कोणाची साठी, सत्तरी किंवा ऐंशी आहे, हे आजच दिनदर्शिकेत पाहून ठेवावे. जवळच्या शाखेत जाऊन आवर्ती ठेव सुरू करावी आणि आपल्या कार्डावर किती पॉइंट शिल्लक आहेत, त्यांची मुदत कधी संपते, याची चौकशी त्याच भेटीत करावी. कर्ज न काढता, पूर्वतयारीने घडलेली यात्रा आई-वडिलांनाही निश्चिंत मनाने अनुभवता येते. वाचकांच्या घरच्या ज्येष्ठांना आरोग्यपूर्ण दीर्घायुष्य लाभो, हीच सदिच्छा!